कारवीच्या मुळाशी

हिरवं पानच नाही, ते झाड कसलं? शाळेत आपल्याला पहिल्यांदा हेच शिकवतात की नाही! पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. ऊन ही चूल, हवा-पाणी हा शिधा आणि हिरवा रंग म्हणजे रांधणारी बाई. मग ज्याच्या घरात चूलच नाही, ते जेवतं तरी कुठे? तर शेजारी! तेही पुढच्या दाराने नाही. जमिनीखालून, शेजाऱ्याच्या थेट कोठीघरात हात घालून.

मैत्रिणींनो, अशा एका फुलाची आणि त्याच्या भाऊबंदांची गोष्ट आज सांगायची आहे. गोष्ट जंगलातली आहे, पण ती शेतात येते, अंगणात येते, आणि मला तर ती आमच्या घराच्या माजघरापर्यंत येऊन पोचलेली दिसते. ते ओघाने येईलच.

आमच्या भिशीच्या बायकांची दर भाद्रपदात, गौरी-गणपतीचा शीण उतरला की, एक दिवसाची सहल ठरलेली असते. मुलं नाहीत, नवरे नाहीत, डबे मात्र पोतंभर! दोन वर्षांपूर्वी आम्ही घाटमाथ्यावरच्या जंगलात गेलो होतो. वाट दाखवायला वाडीवरच्या एक आजी होत्या. दोन्ही बाजूंना कारवीचं रान माणसाहून उंच झालेलं, खाली लालसर चिखल, पालापाचोळा आणि जळवा. आम्ही सगळ्या जळवांना भिऊन खाली बघत चाललो होतो, म्हणूनच ते दिसलं. कारवीच्या बुंध्याशी, कुजलेल्या पानांतून वर आलेल्या फिकट जांभळट नळ्या. आत घशाशी पिवळसर झाक. पाच-सहा जणी एकत्र बसल्यासारखा झुबका, उंची वीतभरसुद्धा नाही. ना पान, ना धड फांदी. देठावर नुसते खवले.

"अगंबाई, प्लास्टिकचं कुणी टाकलंय का?" आमच्यातली एक म्हणाली. दुसरीला ती अळंबी वाटली. आजी मात्र थांबल्या आणि म्हणाल्या, "पाय जपून ठेवा बाई. कारवीच्या मुळीवरचं फूल हाये त्ये. कारवीला पितंय."

"पितंय" हा शब्द माझ्या डोक्यात बसला. पाठ्यपुस्तकात याला परजीवी म्हणतात, पण आजींचा शब्द जास्त खरा आहे. या वनस्पतीचं शास्त्रीय नाव क्रिस्टिसोनिया. एडिंबराचे वैद्यकाचे प्राध्यापक रॉबर्ट क्रिस्टिसन यांच्या नावावरून ते ठेवलेलं. आता सह्याद्रीच्या चिखलात कारवीच्या पायाशी उगवणाऱ्या फुलाला स्कॉटलंडच्या डॉक्टरांचं नाव, हे म्हणजे बारशाला आत्या सोडून भलत्यानेच पाळण्यात नाव घालावं तसं झालं. पण असो.

आधी थोडं कारवीबद्दल. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या वाचकांना तिची ओळख करून द्यायला नको. सरळसोट काटक्यांचं, खरखरीत पानांचं हे झुडूप. वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी या सगळ्यांच्या घरांच्या भिंती कारवीच्या. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वरून माती-शेणाने लिंपायचं, की कूड तयार. वारली चित्रं मुळात अशाच कुडाच्या भिंतीवर, गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने काढलेली. टोमॅटोला, घेवड्याला आधार द्यायला कारवी, चुलीत घालायला वाळलेली कारवी. आणि ही बाई फुलते कशी? तर सात-आठ वर्षांतून एकदाच! सगळं रान एकाच पावसाळ्यात निळं-जांभळं होतं, सातेरी आणि आग्या माश्यांची झुंबड उडते, कारवीचा दाट, गडद मध त्याच साली मिळतो. मग बिया धरून सगळी झुडपं एकदमच वाळून जातात. पुढे बोंडं ओली झाली की तडतड वाजत फुटतात, बिया दूर उडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुन्नारची नीलकुरिंजी ही हिचीच बहीण, तिचा वायदा बारा वर्षांचा. २००६ला ती फुलली आणि नंतर थेट २०१८ला.

म्हणजे बघा, कारवी सात वर्षं काटकसर करून शिल्लक टाकते आणि एकदाच सढळ हाताने खर्च करते. आणि या शिल्लक टाकणाऱ्या बाईच्या मुळाशी कुणीतरी बसलेलं आहे.

ते बसतं कसं, हे मात्र वाचण्यासारखं आहे. क्रिस्टिसोनियाची सगळी जिंदगी जमिनीखाली जाते. कारवीच्या मुळाला तिचं मूळ चिकटतं, चिकटलेल्या जागी एक गाठ धरते, ती गाठ कारवीच्या मुळाची साल भेदून आत शिरते आणि आतल्या पाण्याच्या, अन्नरसाच्या नळ्यांपर्यंत पोचते. याला चूषक म्हणतात. आपण नळाला टी लावून दुसरं कनेक्शन काढतो ना, तसंच. कारवीच्या पानांनी उन्हात राबून जी साखर केली, त्यातली काही परस्पर इकडे वळते. वर्षभर कुणाला पत्ता नसतो. पावसाळ्यात बी धरायची वेळ आली, की तेवढं फूल वर येतं. कारण फुलाला कीटक हवेत आणि कीटक काही जमिनीखाली येणार नाहीत!

जगातल्या फुलणाऱ्या वनस्पतींपैकी शेकडा एक अशी दुसऱ्याच्या जिवावर जगते. साधारण साडेचार हजार जाती. आपल्या ओळखीच्याही पुष्कळ आहेत. आंब्यावरचं बांडगूळ, कुंपणावरची पिवळी अमरवेल. सगळ्या जगात गाजलेली रॅफ्लेशिया, सुमात्रा-बोर्निओच्या जंगलातली. तिचं फूल सगळ्यांत मोठं, आणि ते एका रानवेलीच्या पोटातून बाहेर येतं. त्याच्या कुजक्या वासाची वर्णनं मात्र जेवताना वाचू नका.

क्रिस्टिसोनियाची एक सख्खी म्हणावी अशी बहीण आपल्याकडे त्याच दिवसांत दिसते, एजिनेशिया नावाची. कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलात तर गवतात नीट बघा. लालसर दांडी सरळ वर येते आणि टोकाला गुलाबी-जांभळं फूल मान वाकवून खाली बघत असतं. अगदी चिलीमच. ही गवताच्या, बांबूच्या मुळावर जगते. जपानमध्येही ही होते आणि तिथे तिला 'परदेशी लोकांची चिलीम' अशा अर्थाचं नाव आहे. पण त्याहून जुनं नाव जास्त सुंदर आहे. जपानच्या आठव्या शतकातल्या मान्योशू या काव्यसंग्रहात 'ओमोइगुसा' म्हणजे विचारात पडलेलं गवत असा उल्लेख येतो, तो याच फुलाचा मानतात. मान खाली घालून बसलेली कुणी बाई तिथल्या कवीला दिसली असावी. चिलीम दिसलेल्यापेक्षा मला हा कवी जवळचा वाटतो!

आता खरा प्रश्न. या वनस्पतींचं बी असतं धुळीसारखं. खसखशीचा दाणा त्याच्यापुढे लाडूएवढा. एवढ्याशा बीमध्ये शिदोरी ती किती असणार? चार दिवसांची. म्हणजे भलत्या ठिकाणी रुजलं की संपलंच. अगदी यजमानाच्या मुळाला लागूनच रुजायला हवं. मग काळोखात, मातीत पडलेल्या त्या धुळीच्या कणाला कळतं कसं, की शेजारी मूळ आलं?

या घराण्यातली जी भावंडं शेतात त्रास देतात, ज्वारीतला टारफुला आणि तंबाखूतली बंबाखू, त्यांचा अभ्यास जास्त झालाय, कारण तिथे पैशाचा प्रश्न आहे. १९६६ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांना कापसाच्या मुळातून झिरपणारं एक द्रव्य सापडलं. त्याच्या नुसत्या वासाने टारफुल्याचं बी रुजायचं. त्याला स्ट्रिगॉल म्हणाले. पुढे तसली आणखी बरीच द्रव्यं मिळाली. पण कोडं तसंच राहिलं. झाड आपल्याच चोराला बोलावणं का धाडेल?

उत्तर मिळायला जवळपास चाळीस वर्षं गेली. २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं, की ही हाक चोरासाठी नसतेच. ती असते बुरशीसाठी. मातीत एक उपयोगी बुरशी असते. ती मुळाशी राहते, दूरदूरचं स्फुरद आणून झाडाला देते आणि बदल्यात थोडी साखर घेते. जमीन निकस असली, स्फुरद कमी पडलं, की मुळं जोरात हाका मारतात, 'ये गं बाई, लवकर ये.' आणि ती हाक परजीवी बी ऐकतं! गॅलरीतून भाजीवालीला हाक मारावी आणि कोपऱ्यावर उभ्या चोराला कळावं, की या घरात कुणीतरी आहे, तशातली गत. २००८ साली तर कळलं, की हेच द्रव्य झाडाच्या स्वतःच्या अंगातही काम करतं, किती फांद्या फुटू द्यायच्या ते ठरवतं. म्हणजे हाक मारायचं थांबवावं तर झाडाची आपलीच घडी विसकटते.

आणि बीला कान कुठून आले? २०१५मध्ये त्याचाही उलगडा झाला. वणवा गेल्यावर जमिनीत उरलेल्या धुराच्या द्रव्यांची चाहूल घेऊन रुजणारी बरीच झाडं असतात. ती चाहूल घेणारं एक जुनं जनुक असतं. परजीवी वनस्पतींत त्याच जनुकाच्या नकलांवर नकला झाल्या आणि काही नकला धूर सोडून मुळांची हाक ऐकायला शिकल्या. हे वाचलं तेव्हा मी हातातली भाजी तशीच ठेवून पुन्हा वाचलं. पावट्याचे दाणे निम्मे सोलायचे राहिले त्या दिवशी.

हे सगळं शास्त्र मी हौसेने वाचायला लागले खरी, पण त्याला एक कारण घडलं होतं. माझी धाकटी नणंद मराठवाड्यात असते. नवरा पुण्यात नोकरीला, सासू थकलेली, दोन मुली शाळेत, दोन म्हशी आणि शेती हिच्या अंगावर. जमीन हलकी. खरिपाची ज्वारी घरच्या भाकरीला आणि कडबा म्हशींना, हा दरवर्षीचा हिशोब. एका वर्षी श्रावणात तिचा फोन आला.

"वहिनी, ज्वारीला काय झालंय कळंना. पाऊस बरा आहे, तरी माना टाकल्यात. वाढच नाही. दुपारी बघवत नाही रानाकडे."

शेजारच्यांनी निदान करून टाकलं होतं. दृष्ट लागली. बांधावर लिंबू-मिरची बांधून झाली, कुणीतरी 'बाईमाणसाच्या हाताला यश नसतं शेतात' हेही ऐकवून गेलं. पंधरा-वीस दिवसांनी ज्वारीच्या बुंध्याशी बारीक हिरवी रोपं आली आणि त्यांना चिमुकली पांढरी फुलं लागली. दिसायला इतकी नाजूक, की मुलींनी वेणीत माळली! नणंदेने फोटो पाठवला, मी म्हटलं, तुमच्या कृषी सहाय्यकांना दाखव. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, टारफुला.

टारफुल्याचं दुष्टपण हे, की तो वर दिसेपर्यंत निम्मं नुकसान झालेलं असतं. जमिनीखाली असतानाच तो ज्वारी शोषून घेतो आणि नुसतं अन्न-पाणीच घेतो असं नाही, पिकाची वाढच बिघडवून टाकतो. त्या वर्षी नणंदेला धड धान्य झालं नाही. कडबा विकत घ्यावा लागला, त्यासाठी एक म्हैस विकली आणि मोठीच्या क्लासची फी पुढच्या वर्षावर गेली. एवढंसं पांढरं फूल, पण हिशोब असा लांबपर्यंत जातो.

इंग्रजीत टारफुल्याला 'विचवीड' म्हणतात, म्हणजे चेटकिणीचं तण. पीक दिसत्या कारणाशिवाय झुरायला लागलं, म्हणजे कुणीतरी करणी केली, असं त्या लोकांनाही वाटलं. आणि करणी म्हटलं, की बाईच आठवली! इकडे काय, तिकडे काय. आपल्याकडे आदिवासी पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांचे किती हाल झाले, म्हणून तर २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. आणि करणी करणारं निघालं काय, तर खसखशीहून बारीक बी.

ज्या मैत्रिणी स्वतः शेतात राबतात त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगते. टारफुला दिसला की फुलायच्या आत उपटायचा. बी धरल्यावर उपटून बांधावर टाकलात, तर तुम्हीच पेरणी केलीत म्हणून समजा, कारण एका रोपाला हजारोंनी बी असतं आणि ते मातीत दहा-दहा वर्षं वाट बघत पडून राहतं. उपटलेलं जाळायचं. त्या रानातलं बियाणं दुसऱ्या रानात न्यायचं नाही. जमीन भुकेली असेल तर मुळं जास्त हाका मारतात हे आता तुम्हाला माहीत आहे, तेव्हा शेणखताला हात आखडता घेऊ नका. आणि सगळ्यांत गमतीचा उपाय म्हणजे फसवणूक! कापूस, भुईमूग, सूर्यफूल यांची मुळंही हाक मारतात, बी त्या हाकेला भुलून रुजतं, पण यांच्या मुळात त्याला शिरकाव मिळत नाही. चार दिवसांची शिदोरी संपते आणि बी मरतं. ज्वारीवर ज्वारी न घेता फेरपालट करा, असं जुनी माणसं सांगायची त्याच्या पोटात हेही होतं.

आफ्रिकेत तर हे संकट आपल्याहून कितीतरी मोठं. तिथल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथिओपियाच्या खेड्यातले गेबिसा एजेटा. घर गवताने शाकारलेलं. आईचा हट्ट, की मुलाने शिकलंच पाहिजे. शाळा वीस किलोमीटरवर, दर आठवड्याला चालत जायचं आणि चालत यायचं. हा मुलगा पुढे अमेरिकेत ज्वारीचा शास्त्रज्ञ झाला आणि त्याने टारफुल्याला दाद न देणारे ज्वारीचे वाण तयार केले. अशा वाणांची मुळं हाकच बारीक आवाजात मारतात! २००९चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. वाचताना मला त्या पुरस्कारापेक्षा आईचं नवल वाटलं.

दुसरी गोष्ट केनियातली. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्बिटा नावाच्या गावी मूळचे भारतीय शास्त्रज्ञ झेयाउर खान आणि त्यांचे सहकारी मक्यावरच्या खोडकिड्याचा बंदोबस्त करत होते. मक्याच्या ओळींमध्ये त्यांनी डेस्मोडियम लावलं. आपली औषधातली सालवण असते ना, तिची ही भावंडं. किडा तर पळालाच, पण टारफुलाही नाहीसा व्हायला लागला. डेस्मोडियमच्या मुळातलं द्रव्य बी रुजवतं आणि पुढे वाढू देत नाही. शिवाय जनावरांना चारा, म्हणजे घरात दूध. ही पद्धत तिथल्या हजारो शेतकऱ्यांनी उचलली, त्यात बायका पुष्कळ.

नणंदेने दोन वर्षं ज्वारी घेतली नाही, कापूस लावला आणि भाकरीची ज्वारी बाजारातून आणली. मनाला लागलं तिच्या. यंदा पुन्हा ज्वारी पेरली. कणसं बरी आहेत म्हणते. एका कोपऱ्यात टारफुला अजून निघतो. रविवारी मुलींना घेऊन जाते, फुलायच्या आत उपटून आणते आणि चुलीत घालते. वेणीत माळायला बंदी!

आता माजघरातली गोष्ट. 'बांडगूळ' हा शब्द आपण माणसांसाठी किती सहज वापरतो! कमावत नाही, दुसऱ्याच्या घरी राहतो, की झालं बांडगूळ. माझ्या आत्याला मी हा शब्द ऐकताना पाहिलं आहे. बाविसाव्या वर्षी ती माहेरी परत आली आणि चाळीस वर्षं आमच्याकडे राहिली. आम्हा भावंडांची बाळंतपणं-बारशी, आजीचं अंथरुण, कुरडया-पापड, लोणची, गोठा, सगळं तिच्या हातून गेलं. आमच्याच घरातल्या एका लग्नात, ती पुरणपोळ्या लाटत असताना, दाराशी उभ्या एका पाहुण्याबाई म्हणाल्या, "हिचं काय, भावाच्या संसारावरचं बांडगूळ." आत्याने ऐकलं. लाटणं थांबलं नाही. तिने मला एवढंच विचारलं, "अजून किती पानं राहिलीत गं?"

आत्या गेल्यावर ट्रंकेत एक कागद निघाला. आजोबा वारले तेव्हाचं हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीत मुलीला वाटा आहे हे १९५६च्या कायद्याने मान्य केलं होतं, आणि तो वाटा आत्याने 'स्वखुशीने' भावांच्या नावे सोडून दिला होता. खाली तिचं वळणदार अक्षरातलं नाव. म्हणजे ज्या जमिनीच्या धान्याची भाकरी ती चाळीस वर्षं 'भावाकडची' म्हणून खात होती, त्यात तिची स्वतःची जमीन होती! कोण कुणाच्या मुळाशी बसलं होतं, सांगा बघू. माझे वडील मायाळू होते, बहिणीवर त्यांचा जीव होता, हेही खरंच. पण कागद कागदच असतो.

वनस्पतिशास्त्र विचाराल तर बांडगुळालाही आपण उगाच बदनाम केलंय. त्याची पानं हिरवी असतात. ते आंब्याकडून पाणी-क्षार घेतं, स्वतःचं अन्न बऱ्याच अंशी स्वतः रांधतं, आणि त्याच्या फळांवर फुलटोचा पक्ष्यांचं पोट चालतं. आंब्याला त्रास होतो हे मी नाकारत नाही. बागवाल्यांनी ते काढावं. पण शिवी देताना थोडी माहिती असावी. आणि ज्याला आपण देवाच्या कपाळी लावतो ते चंदन? तेही परजीवीच! चंदनाची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांत शिरून पाणी-क्षार घेतात. अंगणात हौसेने लावलेलं चंदनाचं रोप वर्षभरात वाळून जातं, ते बऱ्याचदा सोबत नसल्यामुळे. शेजारी तूर लावून बघा. चंदनाची शेती करणारेही रोपाजवळ तूर लावतात. पण चंदनाला कुणी बांडगूळ म्हणत नाही. बाजारभाव चांगला आहे ना!

गेल्या वर्षी माझ्या चुलतबहिणीकडे असाच एक कागद आला. भावाने प्रेमाने, पेढ्यांच्या पुड्यासह पाठवलेला. "नुसती सही कर, फॉर्मॅलिटी आहे." तिने मला फोन केला. मी तिला २००५ची दुरुस्ती सांगितली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी ही मुलासारखीच जन्मापासूनची हिस्सेदार असते म्हणून. 'द्यायचं असेल तर जरूर दे,' म्हटलं, 'पण काय देते आहेस ते आधी सातबारावर बघ.' तिने अजून सही केलेली नाही. भाऊबीजेला भाऊ आला नाही. तिने दिवा लावून ठेवला होता, जेवण झाकून ठेवलं होतं. पुढे काय होईल ते तिचं तिला ठरवू दे, मी मध्ये बोलत नाही.

तर, फूल बघायचं असेल तर ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवीचा बहर २०१६ला आला, नंतर २०२४ला, म्हणजे हिशोबाने पुढचा २०३२ला. प्रत्येक डोंगराचं साल मात्र वेगळं असतं, तुमच्या भागातलं तिथल्या जुन्या माणसांना विचारा. पण मुळाशी बसलेल्या या पाहुणीसाठी बहराची वाट बघायला नको, कारवीचं रान असलं की शोधायचं. फूल तोडू नका, घरी आणेपर्यंत काळंठिक्कर पडतं. उपटून कुंडीत लावायचा विचार तर सोडाच, कारवीशिवाय ते जगायचं नाही. फोटो काढा, खाली वाकून, कारण ते तुमच्यासाठी मान वर करणार नाही. पायात उंच मोजे घाला आणि पदरात मिठाची पुरचुंडी असू द्या. जळवाही त्याच दिवसांत असतात, आणि पितात त्याही!